थांबणं कुणाला परवडतं?

मागचा अंक तुमच्या हाती दोन महिने उशिरा पडला. अनेकींनी फोन केले, पत्रं पाठवली, दोघी-तिघींनी रागावूनही विचारलं. या अंकात 'संपादकांच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे' अशी एक ओळ छापून मोकळं व्हावं, असं मी ठरवलं होतं. ती ओळ लिहूनही झाली होती. गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने ती वाचली आणि म्हणाली, "वस्तीतल्या बायकांना आपण सांगतो, दुखणं लपवू नका, बोला. आणि स्वतःची वेळ आली की प्रकृतिअस्वास्थ्य?" तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून या वेळचं संपादकीय माझ्या कमरेविषयी आहे. पण ते माझ्या एकटीच्या कमरेविषयी नाही, हे शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल.

गेल्या वर्षी ८ मार्चच्या कार्यक्रमासाठी अंकांचे गठ्ठे एसटीत चढवत होते. वाकून एक गठ्ठा उचलला आणि कमरेत काहीतरी लचकलं. उसण भरली असेल म्हणून सोडून दिलं. चौथ्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ उतरली. विजेचा झटका बसावा तशी. खोकलं तरी यायची, शिंकलं तरी यायची. डॉक्टरांनी सायटिका सांगितला, गोळ्या दिल्या, वाकू नका म्हणाले. मी गोळ्या घेतल्या आणि वाकतच राहिले. सकाळचा डबा, मुलीची शाळा, सासूबाईंची आंघोळ, मग दिवसभर केंद्र, समुपदेशन, पोलीस चौकी. समाजकार्याची पदवी घेऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आरोग्याची किती शिबिरं घेतली, याची मोजदाद नाही. प्रत्येक शिबिरात मी सांगत आले की बायका दुखणं अंगावर काढतात. ते मी स्वतः चार आठवडे अंगावर काढलं आणि कुणालाही, अगदी जोडीदारालाही, पुरतं सांगितलं नाही.

मग एमआरआय झाला. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली गादी फाटून तिचा गर बाहेर आला होता आणि डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होता.

इथे थोडं थांबून हे नीट समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट आवरण, आत मऊसर गर. आवरणाला चीर पडली की गर बाहेर येतो, शेजारची नस दबते, सुजते. दुखतो पाय, पण मूळ असतं कमरेत. आपण बोलताना 'गादी सरकली' म्हणतो. त्यामुळे ती कुणीतरी दाबून, ओढून पुन्हा जागेवर बसवील असं वाटतं. तसं होत नाही. ती उशीसारखी घसरलेली नसते. मात्र बाहेर आलेला हा गर बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. म्हणूनच सायटिकाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात.

ही माहिती मला पहिल्या डॉक्टरांनी दिली नाही. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि माझ्याऐवजी जोडीदाराकडे बघत सांगितलं, "पुढच्या आठवड्यात करून टाकू. मिसेसना उगीच त्रास नको." एमआरआयचा फोटो पाहून कुणीही घाबरेल. मीही घाबरले. पण १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नंतर वाचनात आला. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते, तर निम्म्याहून अधिक जणांच्या एका तरी गादीला फुगवटा होता. म्हणजे केवळ फोटोत दिसलं म्हणून कापायचं नसतं. फोटो, लक्षणं आणि डॉक्टरांनी स्वतः केलेली तपासणी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

दुसरीकडे आमच्या चळवळीतल्या मैत्रिणी. त्यांचा एकच सूर होता : कापाकापी अजिबात नको. एकीच्या आत्याचे पाय गेले होते, एकीने पट्ट्याचा पत्ता दिला, एकीने हाडवैद्याचा. त्यांच्या या संशयाला इतिहास आहे, हे मी जाणते. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रातल्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यात १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बाईच्या शरीरावर सुरी चालवायची घाई या व्यवस्थेला फार आहे, हे आपण अनुभवातून शिकलो. पण त्याचा एक परिणाम असाही झाला, की शस्त्रक्रिया करून घेणं म्हणजे जणू हार, अशी भावना माझ्या मनात घर करून बसली. डॉक्टर म्हणतात कर, मैत्रिणी म्हणतात करू नको. मला काय वाटतं, हे मात्र मला कुणी विचारत नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या एका सर्जनबाईंनी ते विचारलं. त्यांनी मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर उभं केलं, पायाला कुठे बधिरपणा आहे ते टाचणीने तपासलं. म्हणाल्या, "पायातली ताकद शाबूत आहे. थांबायला हरकत नाही. सहा ते आठ आठवडे बघू. निर्णय तुमचा." त्यांनीच मला धोक्याच्या खुणा सांगितल्या, त्या तुम्हाला सांगितल्याच पाहिजेत. दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, मांड्यांच्या मधला, लघवीच्या आणि शौचाच्या जागेभोवतीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. आपल्या बायका नेमकी हीच गोष्ट लाजेने सांगत नाहीत. ही लाज महागात पडते, एवढं एक वाक्य तरी प्रत्येक गटात बोललं जावं.

२००७ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटाने थांबायचं आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लवकर थांबली. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. याचा अर्थ, नसेला धोका नसेल तर दोन्ही वाटा बरोबर आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की तुम्ही किती थांबू शकता?

आणि मैत्रिणींनो, इथेच हा प्रश्न डॉक्टरीचा राहत नाही. थांबणं कुणाला परवडतं? थांबायचं म्हणजे अंथरुणावर पडून राहायचं असं नाही. तसं पडून राहू नये असंच आता डॉक्टर सांगतात. झेपेल तेवढं चालायचं, हालचाल ठेवायची. पण वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, एका जागी फार वेळ बसायचं नाही. आता एक बादली न उचलता, एक केर न काढता, फरशी न पुसता, ओट्याखालचं पातेलं न काढता बाईचा एक दिवस कसा जातो, ते सांगा. २०१९च्या सरकारी पाहणीनुसार देशात बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. 'आराम करा' असं डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, तेव्हा ही पाच तासांची कामं कुणी करायची, ते त्या चिठ्ठीवर नसतं.

आमचं घर तसं पुरोगामी. जोडीदार चळवळीतला. तो स्वयंपाक करतो, पण सुट्टीच्या दिवशी, आणि त्याचं कौतुक होतं. मी थांबायचं ठरवलं तरी थांबले नाही. 'एवढं एक करते' असं म्हणत रोज वाकत होते. उलट सगळे म्हणत, घरकाम हाच बाईचा व्यायाम. तो व्यायाम नसतो. थकलेल्या शरीराकडून तेच ते करून घेतलेलं काम असतं. दहाव्या आठवड्यात एका सकाळी डाव्या चवड्यावर उभं राहता येईना. जिना चढताना पाऊल साथ देईना. सर्जनबाईंनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "आता मी शस्त्रक्रिया सुचवीन. तरी दोन दिवस विचार करा." मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. माझं शरीर हरलं म्हणून नव्हे. नस वाचवायची होती म्हणून.

भरतीच्या वेळी खिडकीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मिस्टरांची सही लागेल." मी म्हटलं, "माझी केलीय." "तुमची आहे हो, पण मिस्टरांची पाहिजे." मी सज्ञान, शुद्धीवर, दुसऱ्यांच्या हक्कांवर भाषणं देणारी बाई, तिथे पंधरा मिनिटं वाद घालत उभी होते आणि पाय ठणकत होता. साक्षीदार म्हणून, जबाबदार नातेवाईक म्हणून कुणाची सही घ्यायला हरकत नाही. पण संमती माझीच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात रुग्ण बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, तातडीचा जिवावरचा प्रसंग नसताना सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. आईचीसुद्धा नाही, मग नवऱ्याची कुठून चालेल? हा निकाल आपल्या प्रत्येक कायदा शिबिरात सांगायला हवा.

शस्त्रक्रिया तासाभराची. पाठीला छोटीशी चीर. सगळी गादी काढत नाहीत, नसेवर दाबणारा तेवढाच भाग काढतात. शुद्धीवर आले तेव्हा पायातली ती कळ नव्हती. अडीच महिन्यांनी नव्हती. मी रडले. दुसऱ्या दिवशी चालले, तिसऱ्या दिवशी घरी आले. पण लगेच सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. करंगळीचा बधिरपणा सहा महिने राहिला. कंबर आखडायची. चवड्याची ताकद यायला चार महिन्यांचा व्यायाम लागला. थोडी कळ आली की पुन्हा गादी फाटली या भीतीने दरदरून घाम फुटायचा. ती भीती अगदीच निराधार नव्हती, काहींना त्याच जागी पुन्हा त्रास होतो. तिसऱ्या आठवड्यात मन फार खचलं. दिवसभर छताकडे बघत राहायचे. वेदनेनंतर असं होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणखीही एक गोष्ट सांगितली नव्हती. शरीरसंबंध कधीपासून ठेवायचे, हे वॉर्डातल्या डॉक्टरांनी जोडीदाराला बाजूला घेऊन सांगितलं. मला नाही. जणू कंबर त्याची होती!

मला उभं केलं ते एका कागदाने. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना मी म्हटलं, "आराम लिहू नका. कामांची नावं लिहा." त्यांनी हसून लिहिलं : केर, फरशी, धुणं, बादली उचलणं, जमिनीवर बसणं, सहा आठवडे बंद. रोज दोन वेळा चालणं, व्यायाम सांगितल्याप्रमाणे. खाली सही आणि शिक्का. तो कागद फ्रिजवर लावला. त्यानंतर घरात वाद झाले नाहीत असं नाही, पण वाद माझ्याशी न होता त्या कागदाशी होऊ लागले. जोडीदार फरशी पुसायला शिकला. पाठ कशी भरून येते, ते पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, "आम्ही बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात विहिरीचं पाणी भरत होतो." काही दिवसांनी रात्री त्यांनीच हळूच सांगितलं, "माझीही कंबर तेव्हापासूनच दुखते गं. कुणी विचारलंच नाही." मी आरोग्याची शिबिरं घेत असताना त्या बारा वर्षं माझ्याच घरात होत्या.

सहा आठवड्यांनी केंद्रावर गेले. आपल्या बैठका सतरंजीवर होतात. सगळ्या समान, कुणी वर कुणी खाली नाही, म्हणून आपण हे मुद्दाम ठरवलेलं. मला खाली बसायची मनाई. खुर्चीवर एकटीच बसले, फार अवघडले, माफी मागितली. तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "मलाही खुर्ची द्या की मग." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. त्या दिवशी अकरा खुर्च्या मागवाव्या लागल्या. इतकी वर्षं समानतेच्या नावाखाली त्या गुडघे आणि कंबर दाबत बसत होत्या, आणि आम्हाला कळलं नव्हतं.

त्या बैठकीनंतर एक मावशी थांबल्या. चार घरी धुणं-भांडी, फरशी. त्यांनाही तीच कळ, उजव्या पायात. एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया सांगितलेली. त्यासाठी त्या मंगळसूत्र मोडायच्या बेतात होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही केलं, मग मी पण करू ना?" मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं. पायात ताकद होती, नसेला धोका नव्हता. म्हणाले, सहा आठवडे वाकणं बंद करा, बहुधा बरं वाटेल.

सहा आठवडे! मला संस्थेची पगारी रजा होती, गटविमा होता, फ्रिज होता आणि त्यावर लावायला कागद होता. मावशींना यातलं काय होतं? २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आजारपणाची पगारी रजा त्यांना त्या कायद्याने मिळालेली नाही. एक खाडा झाला तरी पगार कापला जातो, चार खाडे झाले की दुसरी बाई ठेवली जाते. शस्त्रक्रिया त्यांना 'लवकर मोकळं होण्याचा' मार्ग वाटत होता. पण शस्त्रक्रियेनंतरही तेवढेच आठवडे वाकता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही वाटांवर वेळच लागतो, आणि गरीब बाईकडे नेमका तोच नसतो.

मी डॉक्टरांकडून कामांची नावं घातलेली तशीच चिठ्ठी लिहून घेतली. ती घेऊन गटातल्या दोघी चारही घरी गेल्या. दोन घरांनी पगार देऊन रजा दिली. एका घराने बिनपगारी दिली. एकाने काम काढून घेतलं. बचत गटाने बिनव्याजी पैसे दिले, तीन जणींनी आळीपाळीने त्यांचं पाणी भरलं. दोन महिन्यांनी मावशींची कळ बरीच उतरली. शस्त्रक्रिया लागली नाही. मंगळसूत्र गळ्यात राहिलं. पण चौथं घर गेलं ते गेलंच. त्या आता उभ्याने पुसायच्या काठीशिवाय फरशी पुसत नाहीत. 'काठी नसेल तर फरशी नाही', असं त्या नव्या घरी पहिल्याच दिवशी सांगतात.

माझी शस्त्रक्रिया झाली, त्यांची झाली नाही. दोन्ही निर्णय बरोबर होते. पण त्यांचा निर्णय बरोबर ठरावा यासाठी डझनभर बायकांना उभं राहावं लागलं. मला वाटतं, आपल्या कामाची दिशा इथे आहे. शस्त्रक्रियेला सरसकट विरोध किंवा सरसकट होकार यांपेक्षा, बाईला विचार करायला माहिती आणि बरं व्हायला वेळ मिळवून देणं जास्त अवघड आहे, आणि तेच आपण करायला हवं.

म्हणून काही प्रश्न इथे देत आहोत. कुणाही मैत्रिणीला कमरेची शस्त्रक्रिया सांगितली तर तिच्यासोबत जा आणि हे विचारा :

१. नसेला धोका आहे, की प्रश्न वेदनेचा आहे?
२. आत्ता केली नाही तर काय होईल? किती आठवडे थांबता येईल?
३. शस्त्रक्रियेने नेमकं काय बरं होईल, आणि काय होणार नाही?
४. जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा त्रास, असे धोके कोणते?
५. एकूण खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारा.
६. घरी आणि कामावर कोणती कामं किती दिवस बंद? ती नावानिशी लिहून द्याल का?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून नोंदलेला आहे. आपल्या तपासण्यांचे कागद आपल्याकडे मागून घेणं हाही हक्कच.

यापुढे आपल्या सर्व बैठकांना निम्म्या तरी खुर्च्या असतील, असं गटाने ठरवलं आहे. अंकांचे गठ्ठेही आता अर्ध्या वजनाचे बांधले जातात, आणि ते दोघी मिळून उचलतात.

तुमच्या कंबरदुखीची गोष्ट आम्हाला लिहून पाठवा. ती कधी सुरू झाली, कोणत्या कामाने, कुणाला सांगितली, आणि सांगितली नसेल तर का नाही. लिहिता येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या. पुढचा अंक त्या पत्रांचा असेल. आणि तो वेळेवर निघेल, कारण या वेळी काम वाटून घेतलं आहे.

तुमची,
संपादक